भंगारातही न विकणारे वेष्टन

पुण्यातील एखाद्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये घटकाभर उभे राहून, सुक्या कचऱ्यातून पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, बाटल्या यांचे ढीग निव्वळ हातांच्या सवयीने निराळे करणाऱ्या कचरावेचक भगिनींकडे जो कोणी लक्षपूर्वक पाहील, त्याच्या हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की, वेफरचे चकाकते रिकामे पुडे त्याच हातांखालून जातात, परंतु विक्रीच्या ढिगात सहसा पडत नाहीत. या कष्टकऱ्यांची १९९३ साली जी संघटना उभी राहिली, तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. त्या नावातील तिन्ही जिनसांना भंगाराच्या दुकानी भाव आहे. किलोभर वजन भरण्यास ज्याचे शेकडो नग वेचावे लागतात, त्या पुड्याला तो नाही, आणि कोणी त्यासाठी वेगळी रक्कम मोजल्याखेरीज तो वेचण्यात त्या बाईची मजुरीही सुटत नाही.

हे असे व्हावे याचे कारण वेष्टनाच्या घडणीत आहे. बाहेर छपाईचा पॉलिप्रोपिलीनचा पापुद्रा, त्यावर निर्वात यंत्रात वाफेच्या रूपाने चढवलेला, मायक्रॉनचाही लहानसा अंश भरेल इतका विरळ ॲल्युमिनियमचा थर, आणि पुष्कळदा तोंड चिकटवण्यासाठी आत पॉलिएथिलीनचे अस्तर, अशा या रचनेत नायट्रोजन भरला म्हणजे तेल लवकर खवट होत नाही व दमट हवाही शिरत नाही. परंतु पॉलिएथिलीन सुमारे ११० ते १३० अंशांवर, तर पॉलिप्रोपिलीन १६० च्या आसपास वितळते, आणि वितळल्यावरही दोघे एकजीव होत नाहीत. एकत्र आटवावे तर माल कमकुवत निघतो, थर सोडवावेत तर खर्च परवडत नाही. जे गुण पदार्थाला राखतात, तेच वेष्टनाला निरुपयोगी करतात.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी पुनर्चक्रण न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत बंद करण्याची मुदत घातली होती. ती भरत आली असता, २०१८ च्या मार्चमध्ये, ज्यापासून ऊर्जा मिळत नाही अथवा ज्याचा अन्य उपयोग नाही, अशा आशयाचे शब्द त्या कलमात दाखल झाले. सिमेंटच्या भट्टीत जळू शकणारी वस्तू या तरतुदीतून सहज निसटते, आणि मूळ हुकुमाचे बळ तिथेच गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२२ मध्ये उत्पादकांवर जबाबदारी टाकण्यात आली, ती अशा वेष्टनांपुरती २०२४-२५ साली ३० टक्के पुनर्चक्रणापासून आरंभून २०२७-२८ पर्यंत ६० टक्क्यांवर जावयाची आहे. एकाच जातीच्या प्लास्टिकचे वेष्टन करणे हा उत्पादकांच्या हातचा खरा मार्ग आहे.

आपल्या हाती राहतो तो आकाराचा हिशेब. त्याच घाटाची पिशवी लांबी, रुंदी व फुगवट्यात दुप्पट केली, तर वेष्टन चौपट लागते, पण आत आठपट माल मावतो. म्हणून पाच रुपयांच्या पुडीइतकी उधळपट्टी दुसरी नाही. आमच्या घरी आठवड्याचा चिवडा फरसाणवाल्याकडून येतो, आणि तो आमच्या स्टीलच्या डब्याचा आधी धडा करून मगच माप घालतो.