शेतांत काडी लावण्याची संवय

सृष्टीचें रक्षण ह्या विषयावर अलीकडे पुष्कळ बोललें व लिहिलें जातें. परंतु तें कोणीतरी मोठ्या माणसानें, मोठ्या खर्चानें करावयाचें काम आहे, असा समज आपल्या कृषिबंधूंत दृढ झालेला दिसतो. आमचें मत निराळें आहे. हवा, पाणी व जमीन ह्या तिहींचें बरेंवाईट शेतकऱ्याच्या नित्याच्या संवयींवर अवलंबून असतें. त्या संवयींपैकीं जी एक आम्हांस अत्यंत घातुक वाटते, तिजविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. ती संवय म्हणजे शेतांत काडी लावण्याची.

ऊंस तुटून जातो, वाढें जनावरांपुढें पडतें, मोळ्या कारखान्याकडे रवाना होतात, आणि मागें राहिलेल्या पाचटास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं आग दिली जाते. फाल्गुन-चैत्रांत बांधावरचें वाळलेलें गवत पेटवितात. वैशाखांत वेंचून ढीग केलेलीं धसकटें पेटवितात. ह्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. उलट ‘रान स्वच्छ झालें’ असें म्हणून समाधान मानितात. परंतु ह्या स्वच्छतेस किती खर्च आला, ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. तो आपण मांडून पाहूं.

एक हेक्टर उंसामागें सामान्यतः ८ ते १० टन पाचट निघतें. त्यांत सुमारें ४० ते ५० किलो नत्र, २० किलोच्या आसपास स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश व ३ ते ४ हजार किलो सेंद्रिय कर्ब असतो. आग दिली म्हणजे कर्ब व नत्र ह्यांचा बहुतेक भाग धूर होऊन निघून जातो. पालाश राखेंत राहतो खरा. पण राख वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या रानांत किंवा पाण्याबरोबर ओढ्यांत गेली, तर ती आपल्या काय कामाची? शिवाय वरच्या थरांतील उपयुक्त जीवजंतु होरपळतात, तें नुकसान निराळेंच. जो गृहस्थ सायंकाळीं फुकटचें खत जाळतो, तोच दुसऱ्या दिवशीं सकाळीं सोसायटींतून उधारीवर युरियाचें पोतें आणतो. ह्या व्यवहारास शहाणपणाचा व्यवहार कसें म्हणावें?

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. सातबाराच्या उताऱ्यावर क्षेत्र असतें, आकार असतो, कबजेदाराचें नांव, बोजा व पीकहि असतें. मातीचा कस मात्र तेथें कोठेंच लिहिलेला नसतो. वीस वर्षें आग दिलेल्या जमिनीचा उतारा व एकदांहि आग न दिलेल्या जमिनीचा उतारा, दोन्ही सारखेच दिसतात. बांध वीतभर सरकला तर सख्खे भाऊ मोजणीचा अर्ज घेऊन कचेरींत येतात; परंतु त्याच जमिनीचें सत्त्व दरसाल डोळ्यांदेखत जळून जातें, त्याबद्दल कोणाची तक्रार येत नाहीं. आगीचे पंचनामेहि आमच्या हातून पुष्कळ गेले. एकानें आपला बांध पेटवावा, वारा सुटावा, आणि दुसऱ्याची कडब्याची गंज किंवा ठिबकच्या नळ्या खाक व्हाव्या, असें वारंवार घडतें. ‘आग कशी लागली?’ ह्या रकान्यांत मात्र ‘माहीत नाहीं’ एवढेंच उत्तर बहुधा लिहावें लागतें.

कुजलेला पाला म्हणजे जमिनीचें अन्न, ही गोष्ट नवी नाहीं. इ. स. १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं डोंगरावरील कुजलेल्या पानाफुलांचें सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन जमिनी कशा सुपीक होत, हें सांगितलें आहे. पुढें इंदूर येथील संस्थेंत १९२४ ते १९३१ ह्या काळांत आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं शेतांतील काडीकचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसविली, व यशवंत वाड ह्या आपल्या सहकाऱ्यासह १९३१ सालीं तिजवर ग्रंथ प्रसिद्ध केला. काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती व राख ह्यांचे थर उथळ खड्ड्यांत द्यावयाचे, ओल राखावयाची व तीन वेळां उलथापालथ करावयाची; सुमारें तीन महिन्यांत खत तयार होतें. धसकटें व गोठ्यांतील गवताणा ह्यांस हाच मार्ग उत्तम. गोठा झाडल्यावर केर उकिरड्यावर न भिरकावतां खड्ड्यांत थरानें घालणें, एवढी रोज सकाळची संवय त्यास पुरे आहे. बांधावरचें गवत तर वाळण्यापूर्वींच विळ्यानें कापून गंजीस लावावें.

उंसाचें पाचट मात्र खड्ड्यापर्यंत वाहून नेण्याचें कारण नाहीं. तें जाग्यावरच कुजवावें. तोडणीच्या वेळीं टोळीकडून ऊंस जमिनीलगत तोडून घ्यावा. राहिलेले बुडखे धारदार कोयत्यानें छाटावे व त्यांवरील पाचट ओढून सरींत दाबावें. त्यावर हेक्टरीं ८० किलो युरिया व १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट टाकावें, आणि पाचट कुजविणारें १० किलो जिवाणुसंवर्धन शेणखतांत मिसळून पसरावें. मग पाणी द्यावें.

ह्यावर आक्षेप येतात, ते आम्हीं ऐकले आहेत. ‘पाचट ठेविल्यास खोडवा नीट फुटत नाहीं’ असें म्हणतात. पण तो दोष पाचट बुडख्यावर तसेंच राहूं दिल्याचा आहे. ‘पाणी पुढें सरकत नाहीं’ हें पहिल्या एकदोन पाळ्यांपुरतें खरें; एक सरी सोडून दुसरींत पाचट भरल्यास तीहि अडचण कमी होते, आणि झांकलेल्या सरींत ओल टिकून तणहि कमी उगवतें. ‘उंदीर माजतात’ म्हणावें, तर बिळांतील उंदीर आगीनें बहुधा मरत नाहीं; मरतात तीं उघड्यावरचीं टिटवीचीं अंडीं. राहिला प्रश्न मजुरीचा. तो खरा आहे, व लहान खातेदारास जड जाणारा आहे. परंतु आपल्या गांवांतून इर्जिक करण्याची रीत होती. चार खातेदारांनीं मिळून एकमेकांचें पाचट दाबावें, किंवा पाचटाची कुट्टी करणारें यंत्र मिळून भाड्यानें आणावें.

सर्व रान एकदम ह्या पद्धतीखालीं आणा, असा आमचा आग्रह नाहीं. येत्या हंगामांत निदान दहा गुंठ्यांत पाचट राखावें, त्यास लागलेलें खत व पाण्याच्या पाळ्या टिपून ठेवाव्या, आणि खोडव्याची तोड वेगळी करून काट्यावरची पावती जपून ठेवावी. पुढील सालीं शेजारच्या जळलेल्या दहा गुंठ्यांच्या पावतीशीं ती ताडून पाहावी, व मग काडी लावावयाची कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें.