फाटलेलं दप्तर कोण शिवणार?

नापास झालेला, घरच्यांनीही ‘वाया गेला’ म्हणून सोडून दिलेला मुलगा प्रवेशाला आला की बहुतेक शाळा हात वर करतात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची शाळा अशाच मुलांना आधी दार उघडते, म्हणून ‘नापासांची शाळा’ अशी तिची ओळख झाली. १९७९ साली संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ नोंदवून गावाने माध्यमिक शाळा काढली. श्रमदानातून इमारत उभी राहिली, दोनशे मुलांचं वसतिगृह झालं. शिस्त तिथेही आहेच, पण ती मुलाला आत घेतल्यावर सुरू होते.

याच गावात दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, हेही जगजाहीर आहे. माणूस सुधारण्याच्या या दोन्ही कल्पना आपल्याकडे अशा एकाच वेशीत नांदतात.

समजा, वर्गात मारामारी झाली, एकाचं दप्तर फाटलं. जुन्या रिवाजात मारणाऱ्याला बाकावर उभं करतात. दप्तर फाटकंच राहतं. सांधणारी शिस्त दोघांना समोरासमोर बसवून विचारते: काय घडलं, कुणाला लागलं, आता भरून कसं काढायचं? मग दप्तर शिवायची जबाबदारी फाडणाऱ्यावर येते. या विचाराला न्यूझीलंडच्या माओरी समाजाच्या बैठकांचा मोठा आधार आहे. तिथे १९८९ साली मुलांविषयीच्या कायद्यात कुटुंबाची बैठक आली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये १९९४ साली ही पद्धत शाळेत पोचली. महाराष्ट्राला ती परकी वाटू नये. २००७च्या तंटामुक्त गाव मोहिमेत गावकऱ्यांनी समोरासमोर बसूनच वाद मिटवले होते.

आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली. ती योग्यच होती. पण छडी काढून घेतली आणि हातात दुसरं काही दिलं नाही, ही शिक्षकांची तक्रारही खरी आहे. भरलेल्या वर्गात भांडण ऐकून घ्यायला वेळ लागतो आणि तो वेळापत्रकात कुठेच नसतो.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये २०१५ ते २०१७ या काळात ४४ शाळांमध्ये सांधणाऱ्या शिस्तीची काटेकोर पाहणी झाली. निम्म्या शाळांत ही पद्धत राबवली, निम्म्यांत नाही. जिथे राबवली तिथे मुलांना शाळेबाहेर बसवण्याचे दिवस घटले आणि शाळेतलं वातावरण सुधारल्याचं शिक्षकांनी सांगितलं. मात्र सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. तरीही जिथे शिक्षकाला रोज यावंसं वाटतं ती शाळा मुलालाही जवळची वाटेल, म्हणून हा खटाटोप करायलाच हवा.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पालकांनी पुढच्या बैठकीत एवढं मागावं: भांडणं मिटवायला आठवड्याची एक तासिका, आणि ती घेणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण.