वीस केबीचा फोटो

बँकभरतीची मुदत संपत आली की पिंपळनेरच्या ऑनलाइन सेवा केंद्रांत बसायला जागा मिळत नाही. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांतून, पाड्यांवरून मुलंमुली येतात. हातात मोबाइल, काखेत कागदपत्रांची प्लास्टिकची फाइल आणि तोंडी ठरलेलं वाक्य : "भाऊ, फोटो अपलोडच व्हत नही." अशाच एका केंद्रात संगणक चालवणाऱ्या तरुणाशेजारी बसून मी हे काम पाहत आलो आहे. अर्ज भरण्याइतकंच कौशल्य त्या फोटोत असतं.

बँकभरती घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या अर्जाला फोटो लागतो २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा. मोबाइलमधला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि काही एमबीचा. मुलं घरूनच एखाद्या ॲपमध्ये टाकून तो 'पन्नास केबीच्या आत' करून आणतात. आकडा बसतो, पण चेहरा जातो. गालांवर चौकोनी डाग उमटतात, केसांच्या कडेला धूसर कचरा दिसतो.

असं का होतं? जेपीजी पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येकाचं गणित मांडलं जातं. या गणिताची रीत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. डोळ्याला कमी जाणवणारे बारकावे आधी टाकायचे, हे जेपीजीचं मर्म. पण एक कोटी वीस लाख पिक्सेल पन्नास केबीत कोंबायचे म्हटले की टाकायला बारकावे पुरत नाहीत. मग चौकोनच उघडे पडतात.

आमचा तरुण उलट चालतो. मूळ फोटो मागून घेतो, त्याची प्रत करतो आणि आधी चौकट कापतो. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो. त्याची रुंदी २०० पिक्सेल केली की उंची २५७ येते. ती ओढूनताणून २३० केली तर चेहरा फुगतो, म्हणून त्या २७ पिक्सेलांइतका भाग आधीच खालून, शर्टाच्या बाजूने छाटायचा. मग फोटोशॉपच्या 'इमेज साइझ'मध्ये 'बायक्युबिक शार्पर' निवडून एकाच टप्प्यात आकार कमी करायचा. या पर्यायात आजूबाजूच्या अनेक पिक्सेलांचा हिशेब करून नवा पिक्सेल ठरतो, त्यामुळे चष्म्याची काडी करवतीसारखी दिसत नाही. केबीकडे पाहायचं ते सगळ्यात शेवटी. आता पिक्सेलच थोडे असल्यामुळे जेपीजी जतन करताना दर्जाची पट्टी वर ठेवूनही फाइल मर्यादेत बसते. कधी तर २० केबी भरावेत म्हणून पट्टी आणखी वर न्यावी लागते. बारकावे कमी होतात हे खरं, पण उरतं ते स्वच्छ असतं.

सहीचं काम जास्त नाजूक. चौकट १४० बाय ६० एवढीच. वहीच्या रेघांच्या कागदावर निळ्या बॉलपेनने केलेली, भोवती वीतभर मोकळी जागा सोडून टिपलेली सही लहान केली की रेषा एका पिक्सेलपेक्षा बारीक होते आणि राखाडी धुकं तेवढं उरतं. पांढरा कोरा कागद, काळी शाई आणि सहीला लागून कापलेली कड, एवढ्याने अर्धं काम होतं.

खरी अडचण पुढे येते. मुलाची निवड होते, गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा ठरतो आणि घरचे तोच अर्जातला फोटो घेऊन येतात. तीन फूट रुंदीवर त्यातला एकेक पिक्सेल साडेचार मिलिमीटरचा होतो. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. टाकून दिलेला चेहरा तो परत आणू शकत नाही. लहान फोटो मोठा करून देतो म्हणणाऱ्या ॲपवर माझा म्हणूनच विश्वास नाही. ती नवे डोळे, नव्या भुवया रचतात. माणूस साधारण तसाच दिसतो, पण तो तो नसतो.

तेव्हा पिंपळनेरच्या आणि आसपासच्या मुलांना एवढंच सांगणं : मूळ फोटो पुसू नका. लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि पुन्हा वेगळं माप लागलं तर त्या प्रतीपासून नव्हे, मूळ फोटोपासूनच सुरुवात करा. केंद्रात पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.