बहिणीला एमएस, म्हणून धाकटीचा रिश्ता मोडावा का?

घरातल्या मुलीला एका डोळ्याने अंधुक दिसू लागते. काही आठवड्यांत नजर सुधारते, पण पुढे कधीतरी पाय बधिर होतात, चालताना तोल जातो. एमआरआय होतो आणि डॉक्टर सांगतात : मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. मग नातेवाइकांत कुजबुज सुरू होते. हे खानदानातच आहे का? धाकटीच्या रिश्त्याचे काय? म्हणून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा किती, ते आम्ही इथे मांडत आहोत.

आपले रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटतात. वायरीवर प्लास्टिक असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते खरवडले गेले की संदेश अडखळतात. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो.

एचएलए नावाची जनुके पेशींना आपले आणि परके ओळखायला मदत करतात. त्यांचा एमएसशी संबंध १९७२ च्या सुमारास दिसून आला. त्यातल्या एका प्रकारामुळे युरोपीय वंशाच्या लोकांत धोका साधारण तिप्पट होतो. पुढे २०१९ मध्ये सुमारे ४७ हजार रुग्ण आणि ६८ हजार निरोगी माणसांची जनुके तपासली, तेव्हा धोक्याशी जोडलेल्या दोनशेहून अधिक जागा सापडल्या. बहुतेकींचा वाटा अगदी थोडा. म्हणजे हा आजार एका जनुकाने आईबापांकडून मुलांकडे सरळ उतरत नाही.

जुळ्यांचेच पाहा. हुबेहूब जुळ्या बहिणींची जनुके सारखीच, तरी पाश्चात्त्य देशांतल्या पाहणीत एकीला एमएस असेल तर दुसरीला तो होण्याचे प्रमाण सुमारे चारात एक. सख्ख्या भावंडांत ते शंभरात दोन-तीन. भारतात तर मुळात हा आजार युरोपपेक्षा कमी आढळतो.

जनुकांखेरीज इतर कारणेही लागतात. एपस्टाईन-बार विषाणूचा संसर्ग हे त्यातले मोठे कारण, असे २०२२ मध्ये अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून दिसले. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो, आजारी मात्र फार थोडे पडतात. धूम्रपान आणि 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही धोका वाढतो. जनुके बदलता येत नाहीत, घरातली सिगारेट बंद करता येते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सुनेच्या माहेराला दोष देऊ नका आणि धाकटीचा रिश्ता या कारणाने मोडू नका. आजार लपवण्यात उपचाराचा वेळ जातो, आणि लवकर सुरू केलेली औषधे पुढचे झटके कमी करतात. एमएस असलेल्या अनेक स्त्रिया आई होतात. फक्त गरोदरपणाचा विचार आधी न्यूरोलॉजिस्टशी बोलून, औषधे तपासून करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश आहे. त्यातल्या सवलतींची चौकशी जरूर करा.