फायरमनच्या टेबलावरची रिकामी खुर्ची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

१८ मे २०२५ ची पहाट सोलापूरकर सहज विसरणार नाहीत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जण गेले. लहान मूलसुद्धा वाचलं नाही. त्यानंतर गावात चर्चा झाली ती गाड्या किती, पाणी कुठून आणायचं, कारखान्यातून बाहेर पडायला वाट होती का, याची. हे प्रश्न बरोबरच आहेत. पण एक प्रश्न नेहमी मागे राहतो. त्या गाडीवर जो माणूस चढतो, त्याच्या ड्युटीचे तास, पगार, सुट्टी हे नक्की कुठे ठरतं? आणि ते त्याला पटलं नाही, तर तो करू काय शकतो?

आजचा भाग त्यावर. अग्निशमन दलाची संघटना आणि महापालिका यांच्यात वाटाघाटी होतात म्हणजे काय होतं, ते सोपं करून बघू.

आधी गणित

संघटनेचं निवेदन आलं की आपल्याला वाटतं, झालं, पगारवाढ मागत असणार. पण अग्निशमनात खरा वाद बऱ्याचदा तासांचा आणि माणसांचा असतो.

आयटीत ऑन-कॉल रोटा लावलेला कुणीही हे गणित लगेच पकडेल. एका गाडीवर ६ माणसं लागतात असं धरा. गाडी आठवड्याचे १६८ तास तयार हवी. म्हणजे ६ गुणिले १६८, एकूण १००८ तास. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचं, तर लागतात २१ माणसं. त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग यासाठी माणशी वर्षाचे ८ आठवडे सोडा. आकडा जातो २५ वर.

आता तीच गाडी १२-१२ तासांच्या दोन पाळ्यांत, साप्ताहिक सुट्टी न देता चालवली तर? १२ माणसांत भागतं! कागदावर गाडी २४ तास तयारच दिसते. फक्त प्रत्येक जण आठवड्याला ८४ तास ड्युटीवर असतो.

१२ आणि २५. एका गाडीमागे १३ माणसांचा फरक. हा आकडा मी समजावण्यासाठी घेतलाय, कुठल्या एका शहराचा नाही. पण 'आठ तास ड्युटी द्या' या साध्या वाटणाऱ्या मागणीचा अर्थ महापालिकेच्या भाषेत 'पदं दुप्पट करा' असा कसा होतो, ते यातून कळतं. भांडण सुरू होतं ते इथे.

आणि ८४ तासांची किंमत फक्त घरच्यांना पडत नाही. धुरात शिरताना निर्णय सेकंदात घ्यावा लागतो. ९ मे २०१५ ला मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने चार अधिकारी गमावले. त्यात दलाचे प्रमुख सुनील नेसरीकरही होते. सगळी तयारी असूनही हे काम इतकं जीवघेणं आहे. थकलेल्या माणसाला तिथे पाठवणं म्हणजे धोका आणखी वाढवणं.

टेबलावर बसायचा हक्क नागपुरातून आला

महापालिका काही कारखाना नाही. मग तिथल्या फायरमनला कामगार कायदा कसा लागू?

हाच प्रश्न नागपुरात आला होता. नागपूर महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, घरभाडं अशा मागण्या केल्या आणि वाद औद्योगिक न्यायालयात गेला. महापालिकेचं म्हणणं, आम्ही 'उद्योग' नाहीच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६० च्या निकालात न्यायालयाने महापालिकेचं एकेक खातं वेगळं काढून तपासलं. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, आरोग्य, बागा, आणि अग्निशमनसुद्धा. अग्निशमन खातं कायद्याच्या अर्थाने 'उद्योग' आहे असा निर्णय झाला. पुढे १९७८ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाची व्याप्ती आणखी वाढवली.

म्हणजे साहेबांच्या मर्जीवर अर्ज करायचा की हक्काने वाद उभा करायचा, यातला फरक आपल्याच राज्यातल्या एका महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी मिळवून दिलाय.

बोलणार कोण?

पुढची पायरी, संघटनेची मान्यता. महाराष्ट्रात १९७१ चा कामगार संघटना मान्यता कायदा आहे. त्यात मान्यता मागणाऱ्या संघटनेकडे किमान ३० टक्के कामगार सदस्य असावे लागतात. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ५१ टक्के कामगार ज्या संघटनेकडे, ती वाटाघाटी करणारी एकमेव संघटना. तेवढे कुणाकडेच नसतील, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद.

आता बघा. महापालिकेत सफाई, आरोग्य, पाणीपुरवठा ही माणसांनी भरलेली खाती. त्यांच्यापुढे अग्निशमन दल म्हणजे मूठभर. सगळ्यांची मिळून एक संघटना असली की महागाई भत्ता, थकबाकी, दिवाळीचं सानुग्रह अनुदान हे विषय वर येतात, कारण ते सगळ्यांचे आहेत. श्वसनयंत्र, अग्निरोधक पोशाख, रात्रपाळीनंतरची विश्रांती हे विषय यादीत सतराव्या नंबरवर. वेगळी संघटना काढली, तर संख्या कमी म्हणून वजन कमी.

कंत्राटी फायरमन तर आणखी बाहेर. त्याचा मालक कागदोपत्री ठेकेदार. तो महापालिकेच्या गाडीवर, महापालिकेच्या हद्दीत, महापालिकेच्या आदेशाने आगीत शिरतो, पण बोलणी करायला गेला की त्याला विचारतात, तुमचा ठेकेदार कुठाय?

समोर कोण बसलंय?

माझ्या मते या सगळ्यातली कळीची गोष्ट हीच आहे. संघटनेच्या समोर आयुक्त बसतात. पण आयुक्तांकडे लॉगिन असतं, अ‍ॅडमिन राइट्स नसतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार नवं पद निर्माण करायला राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते. कोणत्या खात्यात कोणती किती पदं, याचा जो तक्ता असतो त्याला 'आकृतिबंध' म्हणतात, आणि तो मंजूर होतो नगरविकास विभागात, मुंबईला. वेतन आयोगाचंही तेच. राज्य कर्मचाऱ्यांना सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. महापालिकांना तो द्यायचा तर शासनाची मान्यता हवी.

यात आणखी एक कुलूप आहे, ३५ टक्क्यांचं. पगार-पेन्शनसारखा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, ही शासनाची अट. हे प्रमाण आहे हे लक्षात घ्या. म्हणजे एकही माणूस न वाढवता नुसती करवसुली घसरली, तरी टक्का वर जातो आणि भरती अडकते. आपल्या गल्लीतली मालमत्ता कराची थकबाकी आणि फायरमनची साप्ताहिक सुट्टी यांचा असा थेट संबंध आहे! शिवाय जकात गेली, एलबीटी आला आणि तोही गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून उत्पन्नाचा मोठा हिस्सा शासनाच्या अनुदानातून येतो. पैशाची चावीही मुंबईतच.

कागदावर जबाबदारी मात्र शहराची. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांकडे सोपवायच्या विषयांच्या यादीत, अग्निशमन सातव्या क्रमांकावर आहे. काम शहराकडे, अप्रूव्हल राज्याकडे. त्यामुळे बैठक संपते त्या ओळखीच्या वाक्याने: "आम्ही सकारात्मक आहोत, प्रस्ताव शासनाकडे पाठवतो." आयुक्त खोटं बोलत असतात असं नाही. त्यांच्या हातात तेवढंच असतं. जो 'हो' म्हणू शकतो, त्याची खुर्ची त्या टेबलाशी रिकामीच असते.

मुंबईत हे सगळ्यांना दिसलं जानेवारी २०१९ मध्ये. बेस्टचे कामगार ९ दिवस संपावर होते. त्यांच्या मागण्यांत ठळक मागणी होती की बेस्टचा अर्थसंकल्प मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करा. आकड्याच्या आधी त्यांना विचारायचं होतं, खिसा कुणाचा? शेवटी उच्च न्यायालयाने मध्यस्थ नेमला तेव्हा बस सुरू झाल्या.

मग संप का नाही करत?

बसवाला संप करतो तेव्हा आपण रिक्षाने जातो. फायरमनला पर्याय नाही, आणि हे त्यालाच सगळ्यात जास्त माहीत असतं. म्हणून काळ्या फिती लावून काम, गेट मीटिंग, निवेदन असे मार्ग निघतात.

कायदाही कडक आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अग्निशमन सेवा ही 'लोकोपयोगी सेवा' म्हणून जाहीर करता येणाऱ्या सेवांच्या यादीत होती. नव्या संहितेत तर प्रत्येक औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. वरून मेस्मा. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हाच विधिमंडळाने तो कायदा पुन्हा मंजूर केला.

बाहेर काय करतात? ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये फायरमननी वर्षाला ३०,००० पौंड पगारासाठी संप केला. आगी विझवायला लष्कराने १९५० च्या दशकातल्या हिरव्या गाड्या बाहेर काढल्या. जून २००३ मध्ये तडजोड झाली, तीन वर्षांत १६ टक्के वाढ. न्यूयॉर्क राज्याने दुसरी वाट धरली. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाची बंदी, पण पोलीस आणि अग्निशमनासाठी १९७४ पासून बंधनकारक लवाद. बोलणी फिसकटली की तीन जणांचं पॅनल बसतं: एक संघटनेचा, एक शहराचा, एक दोघांनी मिळून निवडलेला. शहराची ऐपत, इतर ठिकाणचे पगार, कामातला धोका हे बघून ते निर्णय देतं आणि तो दोघांना पाळावा लागतो.

यातला सौदा सरळ आहे: तुमचं सगळ्यात मोठं हत्यार काढून घेतो, त्याच्या बदल्यात ठरलेल्या वेळेत निकाल देतो. आपल्याकडे सौद्याचा पहिला भाग पक्का आहे. दुसऱ्या भागाच्या जागी 'प्रस्ताव पाठवला आहे'. औद्योगिक न्यायालय आहेच, पण तिथे वर्षं जातात, आणि तोवर ८४ तासांचा आठवडा चालूच.

केंद्राने पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन दलांसाठी ५,००० कोटींची योजना आणली, चांगलंच आहे. पण नवी गाडी अनुदानातून येऊ शकते, तिच्यावर चढणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार महापालिकेच्या खात्यातूनच जातो. म्हणून गाडीचा फोटो पेपरात येतो आणि पद रिक्त राहतं.

आपण काय विचारायचं?

सोलापूर महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होते. मागणी ऐकणारा आणि ठराव करणारा एकच माणूस. सभागृह नाही, प्रश्न विचारणारा नगरसेवक नाही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि सभागृह परत आलं. रिकाम्या खुर्चीवर शासनाला बसवणं नगरसेवकाच्या हातात नाही, पण ती रिकामी आहे हे सभागृहात मोठ्याने सांगणं नक्कीच आहे.

तर मत मागायला आलेला माणूस आता गल्लीत भेटला, की तीन प्रश्न विचारा. अग्निशमनात मंजूर पदं किती, भरलेली किती? ड्युटी आठ तासांची की बाराची? आकृतिबंधाचा प्रस्ताव शासनाकडे कोणत्या तारखेला गेला आणि आज कोणाच्या टेबलावर आहे? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच, फी १० रुपये.

दर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबई गोदीतल्या स्फोटात ६६ जवान गेले, त्यांची आठवण. हार घातले जातात, भाषणं होतात. त्याच दिवशी प्रत्येक महापालिकेने वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं मुख्यालयाच्या फलकावर लावली, तर जिवंत असलेल्यांचाही थोडा सन्मान होईल.

तुमच्या गावात काय स्थिती आहे, ते व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. आणि हो, मालमत्ता कर भरा बे! भेटू पुढच्या भागात.