हृदयविकाराचा वारसा आणि जनुक-परीक्षा

1958 साली लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टीअर यांनी आठ व्यक्तींच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी बहुतेक जण तरुण वयात अकस्मात मृत्यू पावले होते. या हृदयांच्या दोन कप्प्यांमधील पडदा बेसुमार जाड झाला होता. आणि स्नायूंचे तंतू समांतर न राहता अस्ताव्यस्त गुंतलेले होते. या विकारास पुढे अतिवृद्ध हृत्स्नायुविकार असे नाव रूढ झाले. सुमारे पाचशे माणसांत एकास तो असतो, असा अंदाज आहे. पुष्कळांना त्याची जाणीव आयुष्यभर होत नाही. काहींना धाप लागते किंवा भोवळ येते; आणि थोड्यांच्या बाबतीत हृदयाची लय एकाएकी बिघडणे, हेच विकाराचे पहिले लक्षण ठरते.

हा विकार कुळांतून उतरतो, हे लौकरच ध्यानात आले. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील कोआटिकुक येथील एका विस्तृत कुटुंबात तो पिढ्यानपिढ्या आढळत होता. 1990 साली क्रिस्टीन व जोनाथन साइडमन आणि त्यांचे सहकारी यांनी याच कुटुंबात त्याचे मूळ शोधले. हृदयाच्या आकुंचनाचे बळ पुरविणारे मायोसिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याच्या घडणीतील 403 व्या स्थानी आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन आले होते. शेकडो घटकांच्या साखळीतील एक घटक बदलला आणि एवढ्या बदलाने एका कुळाचे आरोग्य ढासळले!

अशा दोषाची एकच प्रत विकार घडविण्यास पुरेशी असते. म्हणून बाधित माता वा पिता यांच्या प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. पहिल्या अपत्यास मिळाला म्हणून दुसरे सुटेल, हा समज भ्रामक होय.

जनुक-परीक्षेसाठी थोडे रक्त किंवा लाळ पुरते. तथापि परीक्षा कोणापासून आरंभावी, यास फार महत्त्व आहे. प्रथम ज्यास विकार झाला आहे त्याचीच जनुके वाचली जातात. त्यात निश्चित दोष सापडला, तर तेवढाच दोष भावंडांत व मुलांत शोधावयाचा असतो. ज्यांच्यात तो नाही, त्यांची वारंवार होणाऱ्या तपासणीतून सुटका होते. ज्यांच्यात आहे, त्यांच्या हृदयाचे विद्युत्-आलेख व ध्वनिचित्र ठराविक काळाने काढतात. मात्र पुष्कळ रुग्णांत कोणताच दोष सापडत नाही. अशा वेळी नातलगांना निर्धास्त करता येत नाही. त्यांची हृदये पूर्वीप्रमाणेच तपासावी लागतात. कित्येकदा असा बदल आढळतो, की तो अपायकारक की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. त्यावर विसंबून नातलगांसंबंधी निर्णय घेणे धोक्याचे असते.

भारतीय वाचकांस याचे एक उद्बोधक उदाहरण जवळच मिळते. मायोसिनशी निगडित अशा एका प्रथिनाच्या जनुकात 25 अक्षरे गळालेली असणे, हा बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत असतो. 2009 साली हैदराबादच्या कोशिकीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील कुमारस्वामी थंगराज व इतर संशोधकांनी या गळतीचा संबंध हृदयाच्या दुर्बलतेशी जोडला. कोट्यवधी लोकांच्या अंगी असलेला हा बदल सर्वांनाच घातक असेल काय? पुढील संशोधनाने चित्र पालटले. ज्या वाहकांच्या त्याच जनुकात आणखी एक विरळ बदल सोबत असतो, त्यांच्यातच अतिवृद्धीचा धोका मुख्यत्वे एकवटतो, असे 2020 च्या अभ्यासातून दिसले. म्हणजे केवळ 25 अक्षरांची गळती आढळणे हे रोगनिदान नव्हे. अहवाल हाती येताच घाबरून जाणारे कुटुंब आणि त्याला हा भेद समजावून सांगणारा समुपदेशक, यांची गाठ पडणे म्हणूनच आवश्यक असते. दुर्दैवाने असे समुपदेशक आपल्या देशात थोडे आहेत.

आनुवंशिकतेचा हा शिक्का रुग्णालयाबाहेरही माणसाचा पाठलाग करतो. याच विकाराच्या एका रुग्णास, विकार आनुवंशिक असल्याच्या कारणावरून उपचारखर्चाचा विमा नाकारण्यात आला होता. आनुवंशिक विकार सरसकट वगळणारे असे कलम भेदभाव करणारे आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिला. त्याविरुद्ध पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यात आली.