एक शब्द, एक भाव

शपथ घेतल्यावरच माणूस खरे बोलतो असे मानले, तर शपथेवाचून उच्चारलेल्या त्याच्या एरवीच्या शब्दाची किंमत आपोआप उणी ठरते, या एका तर्कावर सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये एक ख्रिस्ती पंथ अडून बसला आणि त्यातूनच व्यापारातील सचोटीचा एक वेगळा रिवाज रुजला. जॉर्ज फॉक्स यांच्या प्रेरणेने १६५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या पंथाचे नाव ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, म्हणजे मित्रसमाज. लोकांनी मात्र त्याला ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असे चिडवण्याचे नाव दिले आणि तेच टिकले. डोंगरावरील प्रवचनात येशूने शपथ वाहण्यास केलेली मनाई हे लोक अक्षरशः पाळत आणि त्यापायी तुरुंगवासही सोशीत; १६९६ च्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी साध्या प्रतिज्ञेची मुभा मिळाली. तरीही विद्यापीठे आणि सरकारी पदे त्यांना दीर्घकाळ बंदच राहिल्याने पंथातील कर्तबगार माणसे व्यापार, कारखानदारी आणि सावकारी पेढ्या यांकडे वळली.

गिऱ्हाइकाला आधी चढा भाव सांगायचा आणि घासाघीस करीत खाली उतरायचे, ही तेव्हाची सर्वमान्य रीत क्वेकरांच्या लेखी असत्यच होती, कारण जो भाव घ्यायचाच नाही तो तोंडाने सांगितला जात होता. म्हणून त्यांच्या दुकानात एकच भाव असे. प्रारंभी गिऱ्हाइके या दुकानांकडे फिरकेनात, पण लहान मुलाला पाठवले तरी त्याला मोठ्या माणसाइतकाच वाजवी भाव मिळतो असे दिसल्यावर लोक तिकडेच वळले, अशी नोंद फॉक्स यांच्या आत्मवृत्तात आहे. हा विश्वास केवळ वैयक्तिक धर्मनिष्ठेवर सोडलेला नव्हता, ही बाब मात्र सहसा नजरेआड होते. पंथाच्या मासिक सभेला सभासदांच्या व्यवहारात लक्ष घालण्याचा अधिकार होता आणि दिवाळे काढणाऱ्याला पंथाबाहेर काढले जाई. तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांचे नाव इंग्लंडभर आदराने घेतले जात असतानाही, त्यांचे पती जोसेफ यांची पेढी १८२८ मध्ये बुडताच जोसेफ यांच्यावर ही पाळी आली.

जाहिरातीच्या युगात या सचोटीची परीक्षा झाली ती कोकोच्या डब्यात. कोकोच्या बियांत जवळजवळ निम्मा भाग स्निग्धांशाचा असल्याने त्याचे पेय तेलकट होई, आणि तो तेलकटपणा शोषून घेण्यासाठी बटाट्याचे पीठ, साबुदाणा यांसारखे पदार्थ त्यात सर्रास मिसळले जात. काही विक्रेते तर रंग येण्यासाठी लाल माती घालीत. आर्थर हिल हॅसल यांनी १८५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली खाद्यपदार्थांचे नमुने तपासून विक्रेत्यांच्या नावापत्त्यांसह निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले, तेव्हा खळबळ उडाली. बर्मिंगहॅमच्या क्वेकर कॅडबरी बंधूंनी स्निग्धांश पिळून काढणारे डच यंत्र आणवले आणि १८६६ मध्ये पीठविरहित कोको बाजारात आणून, तो निर्भेळ आहे म्हणूनच उत्तम आहे, अशी जाहिरात केली. आपल्या पूर्वीच्या मालात जेमतेम पाचवा हिस्सा कोको होता, ही कबुली जॉर्ज कॅडबरी यांनी पुढे स्वतःच दिली. या सचोटीत व्यापारी हिशेब नव्हता असे नाही. १८७० च्या दशकातील भेसळविरोधी कायद्यांचा लाभ ज्यांचा माल आधीच निर्भेळ होता त्यांना होणारच होता. यॉर्कचे क्वेकर कोको-उत्पादक जोसेफ राउनट्री यांना मात्र जाहिरातबाजीच नापसंत होती. चांगला माल स्वतःच बोलतो, असे ते मानत, आणि धंदा मागे पडू लागल्यावरच त्यांची पेढी जाहिरातीकडे वळली.

मिळवलेला विश्वास दुसऱ्यालाही वापरता येतो, याचे उदाहरण मराठी वाचकाला किराणा दुकानाच्या फळीवर सापडेल. ‘क्वेकर ओट्स’ या नावाची आणि क्वेकर वेशातील माणसाच्या चित्राची अमेरिकेत १८७७ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. त्या धंद्याचा मित्रसमाजाशी काहीही संबंध नव्हता, हवी होती ती केवळ त्या नावामागची पत.

खुद्द क्वेकरांची पत डळमळली ती जेथे गिऱ्हाइकाची नजर पोहोचत नव्हती तेथे. कॅडबरींच्या कोकोचा मोठा भाग साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरून येई, आणि तेथील मळ्यांत अंगोलातून आणलेले, कागदोपत्री करारबद्ध पण प्रत्यक्षात गुलाम असलेले मजूर राबत. १९०१ मध्ये याची कुणकुण लागल्यावर पेढीने चौकशी आरंभली, आपला प्रतिनिधी पाठवला आणि पोर्तुगालवर दबाव आणण्याचे प्रयत्न केले. पण खरेदी थांबवली ती १९०९ च्या मार्चमध्ये. गिऱ्हाईक राहिल्यानेच आपले वजन टिकते, हा तिचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच पोकळ नसला तरी आठ वर्षांचा विलंब त्याने झाकला जात नाही. जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीचे ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेतील चिनी मजुरांच्या हालांवर तुटून पडत असल्याने हा विलंब अधिकच बोचणारा होता. ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने १९०८ मध्ये नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवल्यावर पेढीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे कॅडबरींच्या स्वतःच्या गावात, ज्यूरीने कौल कॅडबरींच्याच बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरवली ती एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा.